मोबाइलचा चाळा: आधी त्याला घरात एक जागा द्या

गेल्या श्रावणात देवासहून आत्या आली होती. दोन तास बसली, साबुदाण्याची खिचडी झाली, चहा झाला. जाताना तिनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगितली आणि मी "हो हो, येते की" म्हणाले. ती तारीख उलटून चार दिवस झाल्यावर मीच तिला फोन करून विचारलं, "आत्या, ऑपरेशन कधी आहे गं?" पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "झालं की. तुला सांगितलं होतं मी. तू तेव्हा मोबाइलमध्ये होतीस."

तिचं खरंच होतं. मी इंदूरच्या सुदामा नगरातल्या माझ्या घरात नव्हतेच, मोबाइलमध्ये होते.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. घरी बसून चार-पाच दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यामुळे फोन फेकून देणं मला परवडणारं नाही. तुम्हालाही नसेल. गेल्या आठ महिन्यांत जे जमलं, जे फसलं, ते क्रमानं सांगते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: वेळ मोजून मला काहीही साधलं नाही. "रोज फक्त एक तास" हा नियम मी तीनदा केला आणि तीनदा मोडला, कारण मर्यादा संपली की फोन स्वतःच विचारतो, अजून पंधरा मिनिटं देऊ का? नको कोण म्हणणार? फोनची जागा ठरवली तेव्हा कुठे फरक पडला.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, चाळा. व्यसनी माणसाला आपण काय करतोय हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. चाळा हाताचा असतो, डोक्याला पत्ताही नसतो. पदराचं टोक पिळणं, पेनचं टोपण चावणं, तसंच हे. म्हणून निश्चयावर भिस्त ठेवू नका. निश्चय डोकं करतं आणि फोन उचलतो हात.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त वही

तीन दिवस काहीही बदलायचं नाही. एक छोटी वही घ्या, तिला दोऱ्यानं पेन बांधा आणि हात आपोआप फोनकडे गेला की एक ओळ लिहा: किती वाजले, मी कुठे होते, त्याच्या आधीच्या मिनिटाला काय चाललं होतं. किती वेळ पाहिलं ते लिहू नका. तो हिशेब फोन ठेवतोच. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम', दोन्ही २०१८ मध्ये आले. तिथला एकच आकडा बघा, दिवसात फोन किती वेळा उघडला. माझा पहिल्या दिवशी ११२ आला. मी आधी समजले, फोन बिघडलाय.

वहीत मात्र मजा आली. कुकरची दुसरी शिट्टी झाली, तिसरीची वाट बघताना. एका दुकानदाराशी पैशांवरून खटका उडाला, फोन ठेवला आणि लगेच परत उचलला. जीएसटीची फाइल उघडायच्या आधी. फाइल उघडल्यावर. सासूबाई नर्मदेच्या यात्रेची गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागल्या तेव्हा. मला वाटत होतं, कंटाळा आला की मी फोन बघते. वही म्हणत होती, निम्म्याहून जास्त वेळा मी काहीतरी टाळत होते. कंटाळ्यावरचा उपाय वेगळा, टाळाटाळीवरचा वेगळा, म्हणून ही वही हवीच. आमच्या ह्यांनीही तीन दिवस लिहिलं. त्यांच्या वहीत दोनच जागा निघाल्या, संडास आणि पलंग. त्यांचं काम फार सोपं झालं.

हात पुन्हा पुन्हा का जातो? बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक टोची मारल्यावर दाणा मिळतो हे कळलं की कबूतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण कधी दुसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला असा बेभरवशाचा दाणा पडू लागला की ते टोचतच राहतं. पडदा बोटानं खाली ओढून सोडायचा आणि नवं काही आलं का बघायचं, ही तीच टोच. त्यात पानाला शेवट नाही. पोथीला अध्याय असतो, अध्याय संपला की पोथी मिटते. फोनमधलं न संपणारं पान २००६ मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञानं बनवलं आणि पुढे त्याचं त्यालाच त्याबद्दल वाईट वाटलं, तसं त्यानं जाहीरपणे सांगितलंही. तेव्हा तुम्ही कमजोर मनाचे आहात म्हणून हे होत नाही. दाणाच तसा टाकलेला आहे.

दुसरी पायरी: ओला, सुका आणि तिसरा डबा

इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत आपलं शहर वर आहे ते झाडूमुळे कमी आणि घराघरात कचरा वेगळा होतो त्यामुळे जास्त. फोनमधल्या सूचनांचंही तसंच करा.

ओला म्हणजे आजच बघितला नाही तर नासेल असा: घरच्या माणसांचे फोन, कामाच्या दोन-तीन जणांचे निरोप, बँकेचा ओटीपी. एवढ्यांचा आवाज चालू ठेवा. सुका म्हणजे ठेवला तरी चालतो असा: विजेचं बिल, कुरिअर, सोसायटीचा ग्रुप, 'सुप्रभात'वाले सगळे. यांचा आवाज बंद, दिवसातून दोनदा आपण जाऊन बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप 'ऑल्वेज' म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकता येतात. नवा निरोप आला तरी ते वर येत नाहीत, ग्रुप सोडावा लागत नाही आणि आवाज बंद केल्याचं कुणाला कळत नाही. नात्यांत शांतता राहते. उरलेलं सगळं तिसऱ्या, घातक कचऱ्याच्या डब्यात: "तुमच्यासाठी खास", "अमुक आत्ता लाइव्ह आहे", "तुम्ही बरेच दिवस आला नाहीत". यांच्या सूचना मुळापासून बंद. सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरा, बंद करायचा पर्याय तिथेच येतो. एका बैठकीत सगळं करत बसू नका, येईल तशी एकेक बंद करा. आठवड्यात घर साफ होतं.

तिसरी पायरी: फोनला खुंटी

जुना लँडलाइन आठवा. आमच्या रामबागेतल्या घरात तो बैठकीच्या कोनाड्यात होता, खाली आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, वर डायलला कुलूप. फोन वाजला की माणूस उठून त्याच्याकडे जायचा. फोन माणसाच्या मागे संडासापर्यंत यायचा नाही. वायर होती म्हणून का होईना, पण त्याला जागा होती.

तीच जागा परत द्यायची. घरात एक ठिकाण ठरवा. बसायच्या, झोपायच्या आणि जेवायच्या जागेपासून लांब, पण घंटी ऐकू येईल असं. आमच्याकडे ते पॅसेजमध्ये आहे, छत्र्यांच्या खुंटीशेजारी लावलेली एक छोटी फळी. चार्जर तिथेच ठोकून टाकला, बाकीचे चार्जर एका डब्यात घालून माळ्यावर. घरात आलं की चप्पल काढायची आणि फोन फळीवर. वापरायचा असेल तर तिथे जायचं आणि उभ्यानंच वापरायचा. फळीजवळ खुर्ची ठेवू नका. मी पहिल्या आठवड्यात स्टूल ठेवलं होतं, "जरा पाय दुखतात" म्हणून, आणि त्या स्टुलावर पाऊण तास बसून दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ बघितले. स्टूल उचललं. उभ्यानं माणूस कामापुरतंच बघतो.

घंटी मोठी ठेवा. लोक उलट करतात, फोन सायलेंट करतात आणि मग काही राहिलं तर नाही ना म्हणून दर पाच मिनिटांनी उचलून बघतात. मोठ्या आवाजाचा पण दूर ठेवलेला फोन जास्त शांती देतो. जवळ असून मुका असलेला फोन मात्र छळतो.

काम फोनवरच असेल तर? माझंही आहे. दुकानदार बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर उघडते, कामाच्या वेळेत, आणि फोन फळीवरच राहतो. सराफ्यात बघा, ज्या ओट्यासमोर दिवसा सोन्याचे सौदे होतात तिथेच रात्री दुकानं बंद झाल्यावर भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे मिळतात. दोन्ही धंदे चालतात कारण एकाचं शटर पडल्याशिवाय दुसऱ्याची कढई तापत नाही. हिशेब लिहिता लिहिता मध्येच एक रील, असं केलं की हिशेबही चुकतो आणि रीलही आठवत नाही.

चौथी पायरी: रात्र, आणि कचरागाडीपर्यंतची सकाळ

गजराचं घड्याळ विकत आणा. ही या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची सूचना. "गजर फोनमध्ये आहे" या एका सबबीवर फोन उशीजवळ झोपतो आणि डोळे उघडायच्या आधी हातात येतो. रात्री काही तातडीचं आलं तर? 'डू नॉट डिस्टर्ब' लावून आई-वडील, मुलं, एखादा शेजारी यांना स्टार करून ठेवा. त्यांचा फोन तेवढा वाजतो, बाकी गप्प. मुलगा पुण्यात असल्यामुळे मला ही भीती फार होती. एकदा त्याला रात्री बारा वाजता मुद्दाम फोन करायला लावून खात्री करून घेतली. तुम्हीही करा, खात्री झाल्याशिवाय झोप येत नाही.

सकाळचा नियम आमच्या घरी एकच: कचरागाडीचं गाणं वाजेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. घड्याळ बघून पाळायचे नियम मला जमत नाहीत. गाडी मात्र रोज येते, गाणं गल्लीभर ऐकू येतं आणि डबे घेऊन बाहेर जावंच लागतं. त्याआधी चहा होतो, तुळशीला पाणी होतं, कधी ओट्यावर उभं राहून शेजारच्या वहिनींशी दोन शब्द होतात. तुमच्याकडे गाडी उशिरा येत असेल तर दूधवाला धरा, पेपरवाला धरा. खूण घराबाहेरची असावी एवढंच, कारण आपली आपण ठरवलेली वेळ आपण सरकवतो.

फोन बेचव करणं

यावर लोक फार लिहितात, मी थोडक्यात उरकते. पहिल्या पडद्यावर फक्त फोन, मेसेज, नकाशा आणि पैसे द्यायचं अ‍ॅप. रीलवाली अ‍ॅप काढून टाका, बघायचंच असेल तर ब्राउजरमधून, दर वेळी पासवर्ड टाकून. यूट्यूबमध्ये 'वॉच हिस्ट्री' बंद करून जुनी पुसली की पहिलं पान जवळपास रिकामं दिसतं. मग जे हवं ते शोधून बघायचं आणि बाहेर पडायचं. माझ्या मते यूट्यूबवरचा हा एकच खरा उपाय. पडदा काळा-पांढरा करायचा सल्लाही सगळे देतात. मला तो चार दिवस पुरला. ह्यांनी मंडीतून पालकाचा फोटो पाठवला, "घेऊ का?" आणि पालक ताजा की पिवळा हे मला सांगता येईना.

साधा बटनांचा फोन घ्यावा का, असंही विचारतात. २०२२ पासून यूपीआय १२३पे, म्हणजे इंटरनेटशिवाय पैसे द्यायची सोय, त्यावरही चालते, त्यामुळे पैशांची अडचण तेवढी राहिलेली नाही. पण ज्यांचं काम व्हॉट्सअ‍ॅपवर आहे ते पंधरा दिवसांत परत येतात. आणि परत येताना नवा, मोठ्या पडद्याचा फोन घेऊन येतात, असं पाहण्यात आहे. आपला मोबाइलचा बाजार जेल रोडवर आहे. नाव मी ठेवलेलं नाही.

घराबाहेर: पोह्यांच्या ठेल्यावर

घरात फळी जमली तरी बाहेर गाडी घसरते, आणि ती क्यूआर कोडवर घसरते. पोहे सांगितले, पैसे द्यायला फोन काढला, पैसे गेले, पण फोन हातातच राहिला. वर लाल आकडा दिसला, तो उघडला. तोवर प्लेट आली, जिरावण मसाला पडला, शेव पडली, आणि आपण एका हातानं खातोय, दुसऱ्यानं स्क्रोल करतोय. अर्ध्या प्लेटनंतर कळतं की कांदा घालायचा सांगायला विसरलो.

उपाय जुनाच आहे, रोख. पर्समध्ये दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून दोनशे रुपये ठेवायचे आणि शंभरच्या आतली सगळी खरेदी रोखीनं करायची. सुट्ट्यांची कटकट होते, मान्य. ठेलेवाले भैया पहिल्या दिवशी माझ्याकडे असे बघत होते जणू मी होळकरांच्या टांकसाळीतलं नाणं दिलं. आता तेच सुटे काढून ठेवतात. रोख नसेलच तर क्रम पाळा: स्कॅन, पैसे, फोन पिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि मगच प्लेटला हात.

सिटी बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकावर खरी परीक्षा. तिथे फोन खिशात न ठेवता पिशवीच्या तळाशी, डब्याच्या खाली ठेवा. काढायला अर्धं मिनिट लागलं पाहिजे. चाळ्याला अर्ध्या मिनिटाचा धीर नसतो.

हाताला दुसरं काम

पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात. मांडी थरथरल्यासारखी वाटते, फोन खिशात नसतानाही. संध्याकाळी सहा ते आठ मी घरभर नुसती फिरत असे, उगाच फ्रिज उघडून बघत असे. हाताला काहीतरी द्यावं लागतं, आणि ते वहीत सापडलेल्या क्षणाला जुळणारं असावं. कुकरच्या शिट्ट्यांसाठी मी ओट्यावर लसूण ठेवते, सोलत बसते. शेजारणीनं क्रोशाची सुई पुन्हा हातात घेतली. टाळाटाळीवर लसूण चालत नाही. तिथे मी कागदावर त्या कामाची फक्त पहिली कृती लिहिते, "फाइल उघड, पहिलं बिल बघ", आणि तेवढीच करते. बहुतेक वेळा पुढची आपसूक होते. सासूबाईंच्या यात्रेच्या गोष्टीवर मात्र उपाय सापडला नाही, ती ऐकावीच लागते. चौथ्यांदा ऐकताना त्यात एक नवा माणूस निघाला, माझ्या सासऱ्यांचा मावसभाऊ, जो ओंकारेश्वरला हरवला होता आणि तिसऱ्या दिवशी सापडला. आधीच्या तीन वेळा तो होता की नव्हता, देव जाणे.

पुस्तक वाचायचं ठरवलंत तर मोठी कादंबरी घेऊ नका, मन टिकत नाही. मी अहिल्या ग्रंथालयातून कथासंग्रह आणले, एका वेळी एक कथा. संध्याकाळी पायांना काम हवं असेल तर लालबागेकडे किंवा सिरपूर तलावाकडे जा. सिरपूर २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. थंडीत तिथे पाहुणे पक्षी येतात आणि साध्या फोनच्या कॅमेऱ्यात ते ठिपक्यांएवढे दिसतात, त्यामुळे फोन काढायचा मोहच होत नाही.

घरच्यांना सांगणं

न सांगता सुरू केलंत तर दुसऱ्या दिवशी गैरसमज होतो. "निळी टिक आली, उत्तर नाही, राग आलाय का?" मी घरच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: काही तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी दुपारी आणि रात्री बघते. काकांनी तीन अंगठे पाठवले. निळी टिक बंदही करून टाका.

मुलांचा फोन काढून घेऊन स्वतः बघत बसणाऱ्या आई-बापांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. सगळ्यांचे फोन एकाच फळीवर आले तरच ते चालतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून हेच गावभर केलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, बाकीचे वाचायला किंवा बोलायला. साडेआठला दुसरा भोंगा. आमच्या घरी भोंगा नाही, सासूबाईंची दिवेलागण आहे. त्यांनी निरांजन लावलं की चार फोन फळीवर. त्यांचा स्वतःचा सगळ्यात शेवटी येतो, भजनाच्या ग्रुपमुळे.

घसरलं तर

घसरणारच. दिवाळीत पाहुणे आले, फळीवर फराळाचे डबे बसले, फोन परत हातात आला आणि मी काढलेलं अ‍ॅप पुन्हा उतरवून घेतलं. पंधरा दिवस वाया. मग वहीत तारीख टाकून परत सुरू केलं, पहिल्या पायरीपासून नाही, फळीपासून.

"२१ दिवसांत सवय बदलते" यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २०१० मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, रोज फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम असल्या नव्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याचा. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. तेही लावायच्या सवयीचे, सोडायच्या नव्हे. मला फळीची सवय व्हायला साधारण तीन महिने लागले.

आणि काही गोष्टी फळीनं सुटणाऱ्या नसतात. रात्र रात्र गेम, पैसे लावून खेळणं, फोन काढून घेतला की मारहाणीपर्यंत जाणारा राग, शाळा किंवा नोकरी सुटायची वेळ, किंवा फोन हे फक्त वरचं झाकण आणि खाली न संपणारी उदासी. गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली आहे, तेव्हा त्यात लाजायचं काही नाही. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास, विनामूल्य मिळते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून अशा तक्रारींसाठी 'शट' नावाचं वेगळं क्लिनिक चालतं. एवढ्या लांब जायला नको, इंदुरातल्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, पण वही सोबत न्या. अर्धी माहिती तिथेच लिहिलेली असते.

शेवटी सुट्टीच्या दिवसाचं. आठवड्यात एक अर्धा दिवस फोन घरी ठेवून बाहेर पडायचं, ही पायरी मला सगळ्यात जड गेली. म्हणून मी सुरुवात रंगपंचमीच्या गेरपासून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपासून केली. राजवाड्यासमोर पाण्याच्या तोफा सुटल्या, वरून गुलाल आला की फोन नेलेला माणूस तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी शर्टात घालून, वर हात धरून उभा असतो. माझे दोन्ही हात रिकामे होते. एकानं आत्याला धरलं होतं. तिचा दुसरा डोळाही तोवर झाला होता, चष्मा पुसून पुसून ती सगळं बघत होती आणि मला विचारत होती, "तो निळा कुणी उडवला गं?"